मेलेल्यांच्या सह्या

पोस्टमन सही घेऊन देतो त्या पत्रात चांगली बातमी नसते, हे लुवेनिया गॅस्किन्सला एकोणसाठ वर्षांत पुरतं कळलं होतं. म्हणून तो लांबट लिफाफा तिनं आधी शेगडीशेजारी ठेवला, कोलार्डची भाजी हलवली, झाकण घातलं, हात पुसले. मग कोरडेच हात परत एकदा पुसले आणि लिफाफा फोडला.

पत्र लॅनफर्डच्या नगरपालिकेचं होतं. स्वीटगम वस्ती शहराच्या हद्दीत घ्यावी या अर्जावर मॅग्नोलिया पार्कच्या रहिवाशांनी वकील प्रेंटिस व्हिटफील्ड यांच्यामार्फत हरकत घेतली आहे. सोळा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सुनावणी होईल. अर्जावरची प्रत्येक सही जिल्ह्याच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहिली जाईल. सर्व सह्या आपल्यासमोर झाल्याचं शपथपत्र ज्यांनी दिलं, त्या श्रीमती लुवेनिया गॅस्किन्स यांनी हजर राहावं.

मृत्युनोंदी हा शब्द तिनं तीनदा वाचला आणि ती खुर्चीत बसली. भाजी खाली लागली, वास घरभर झाला, तरी ती उठली नाही.

कारण त्या अर्जावर होझिया ब्रास्वेलची सही होती, आणि होझिया ब्रास्वेल १९६१ साली वारला होता. त्याच्या खालोखाल आणखी सहाजण होते. वस्तीच्या मागच्या चर्चच्या दफनभूमीत ज्यांच्या नावाचे दगड उभे होते अशी सात माणसं त्या अर्जावर ठळक निळ्या शाईत सही करून बसली होती, आणि त्या सगळ्यांनी आपल्यासमोर सही केली असं लुवेनियानं हात वर करून शपथेवर सांगितलं होतं.

यात तिला त्या वेळी काही वावगं वाटलं नव्हतं, हीच खरी गोष्ट होती. पण ती कोणाला खरी वाटणार?

लॅनफर्डची वेस स्वीटगमच्या दाराशी यायची, थबकायची आणि वळसा घालून पुढे जायची. रुळांपर्यंत शहर, मग चोवीस घरांचा हा तुकडा बाहेर, मग पुन्हा शहर. दोन मैल पलीकडे पाइनचं रान तोडून बांधलेलं मॅग्नोलिया पार्क बांधायच्या आधीच शहरात घेतलं होतं. तिकडे गोरे, इकडे काळे. मॅग्नोलियाची ड्रेनेजची लाइन स्वीटगमच्या रस्त्याखालूनच गेली होती, पण तिला जोडून घ्यायची परवानगी स्वीटगमला नव्हती, कारण ते शहरात नव्हते. शहरात नव्हते म्हणून मत नव्हतं, आणि मत नव्हतं म्हणून विचारायला कोणी येत नव्हतं. पाऊस झाला की सेप्टिक टाक्या उलटून अंगणात यायच्या. आठ-आठ दिवस संडास वापरता यायचा नाही. "मॅग्नोलियावाल्यांचं सगळं आपल्या दारावरून जातं," क्लीटस बन म्हणायचा, "फक्त रामराम तेवढा येत नाही."

दोन वर्षांपूर्वी बऱ्याच भांडणांनंतर जिल्ह्यानं समान हक्कांचं एक कार्यालय उघडलं. तिथल्या अधिकारी रनीटा ओकलीबाईंनी जुन्या नियमांत एक कलम हुडकून काढलं: वस्तीतल्या चारातल्या तीन मालकांनी सह्या करून मागणी केली, तर नगरपालिकेला ती विचारात घ्यावीच लागते. चोवीस जमिनी, म्हणजे अठरा सह्या. दारोदार कोण जाणार असं विचारल्यावर चर्चमधल्या सगळ्यांनी लुवेनियाकडे बघितलं. शाळेच्या कॅन्टीनची ती मुख्य. तिच्या हातचं खाल्लं नाही असं वस्तीत कोणी नव्हतं.

तिनं एकोणीस सह्या आणल्या. चार घरांचे मालक बाहेरगावी होते; उरलेल्यांत फक्त स्वतःच्या घरची तिला मिळाली नाही. "दिव्याखाली अंधार," क्लीटस तेव्हा म्हणाला होता.

आता या सह्या मेलेल्यांच्या नावानं का झाल्या, तर स्वीटगममध्ये बऱ्याच घरांची जमीन मेलेल्यांचीच असायची. पणजोबांनी नाहीतर आजोबांनी घेतलेली, मृत्युपत्र नाही, वारसांची नोंद नाही. दर वर्षी कोणीतरी जिल्ह्याच्या खिडकीशी जायचं, "आयझम गॅस्किन्सचा कर" म्हणायचं आणि आयझम गॅस्किन्सच्या नावाची पावती घेऊन घरी यायचं. आयझम १९३४ साली गेला होता. खिडकीतल्या माणसानं कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. जिवंत माणसाला दारू पाजता येते, धमकावता येतं, त्याच्याकडून नको तिथे सही करून घेता येते. मेलेल्याचं कोण काय वाकडं करणार? म्हणून जमीन त्याच्याच नावावर बरी, अशी वस्तीची पक्की समजूत होती.

आणि जिल्ह्यानं छापून दिलेल्या अर्जावर करवहीतली नावं ओळीनं उतरवली होती. एक्क्याऐंशी वर्षांच्या सुडी ब्रास्वेलनं चष्मा लावला, 'होझिया ब्रास्वेल' या नावापुढची रेघ शोधली आणि सावकाश, घोटून घोटून, होझिया ब्रास्वेल अशी सही केली.

"झाली बघ," ती म्हणाली होती. "सासरेबुवांचं अक्षर याहून वाईट होतं म्हणे. त्यांना आवडेल."

दोघी हसल्या होत्या. मग लिंबाचा केक खाल्ला होता.

"काय जळतंय?" आतल्या खोलीतून थॅडियसनं विचारलं. शहाऐंशी वर्षांचा तिचा बाप काठी टेकत दारात आला, त्यानं शेगडी बंद केली आणि लेकीकडे पाहिलं. तिनं पत्र वाचून दाखवलं.

"मी सांगितलं होतं तुला," शेवटी तो म्हणाला.

"तुम्ही सही करणार नाही म्हणालात, बाबा. बाकीच्यांनी कशी करावी हे कुठं सांगितलंत?"

"आता गप्प राहायचं. विचारलं तर आठवत नाही म्हणायचं."

"शपथ घेतलीय मी. खोट्या शपथेला तुरुंग आहे."

"तुरुंगातनं माणूस सुटतो," थॅडियस म्हणाला. "जमीन गेली की गेली."

हे तो रागानं बोलला नाही. नदीकाठी गॅस्किन्सांची दुसरी जमीन होती, ती त्याच्या डोळ्यांसमोर गेली होती. बाल्टिमोरला राहणाऱ्या एका पुतण्यानं एका जुन्या मोटारीच्या बदल्यात आपला हिस्सा लिहून दिला. घेणारा कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, इतक्या वारसांत जमीन वाटता येत नाही, सगळीच विका. कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. दहा वर्षांचा थॅडियस तिथे काकाची टोपी हातात धरून उभा होता, कारण काकाला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला होता. आज त्या जमिनीवर होड्यांचा क्लब आहे.

"वारसांची नावं एकदा का त्यांच्या कागदावर गेली," तो म्हणाला, "की एकेकाला गाठतात. सगळेच काही तुझ्यामाझ्यासारखे नसतात, लुवेनिया. कोणाला नड असते, कोणाला चाड नसते."

दुसऱ्या दिवशी शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांची रांग संपत आली होती. ताटाच्या पलीकडे करड्या सुटाची बाही दिसली म्हणून लुवेनियानं वर पाहिलं. छातीला पाहुण्याचा बिल्ला, पांढरे केस, डोळ्यांत हसू. व्हिटफील्ड वकिलांना तिनं यापूर्वी फोटोतच पाहिलं होतं.

"मिस लुवेनिया," ते मऊ आवाजात म्हणाले. "तुमच्या कॉर्नब्रेडबद्दल फार ऐकलंय. म्हटलं, जाता जाता चाखावी."

तिनं एक तुकडा ठेवला. बीन्स वाढले.

"होझिया कसा आहे?"

तिनं आणखी बीन्स वाढले. ताटाच्या काठावरून रस्सा खाली ओघळला.

"नाही, अक्षर फार सुरेख आहे हो त्याचं," वकील म्हणाले. "सव्वाशेच्या घरात असेल ना आता? या वयात हात कापत नाही म्हणजे कमाल आहे." त्यांनी रुमालानं ताटाची कड पुसली. "तुमची पेन्शन दोन वर्षांवर आली म्हणे. किती वर्षांची नोकरी?"

"अठ्ठावीस," ती म्हणाली. आपण उत्तर का दिलं, हे तिला कळलं नाही.

"अठ्ठावीस! असल्या माणसाला त्रास व्हावा, हे मलाच बरं वाटत नाही. हे बघा, अर्ज परत घेता येतो. सुनावणी सुरू होईपर्यंत. एक छोटा फॉर्म असतो, तुमची एकटीची सही पुरते. आणि परत घेतलेल्या अर्जाच्या सह्या कोणी तपासत बसत नाही." त्यांनी कॉर्नब्रेडचा घास घेतला. "वा! जसं ऐकलं तसंच आहे."

ते गेल्यावर ती कोठीघरात गेली आणि पिठाच्या पोत्यांना टेकून उभी राहिली. दोन्ही हात तिनं काखेत दाबून धरले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिव्यांना काय उत्तर द्यायचं ते ठाऊक असतं.

संध्याकाळी ती रनीटा ओकलीच्या कार्यालयात गेली ती तो फॉर्म मागायलाच. रनीटा पन्नाशीची, मोठ्या शहरातून आलेली काळी बाई; भरभर बोलणारी. सातही नावं मात्र तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. तिनं कपाटातून कोरा अर्ज काढला आणि छापील नावांवरून बोट फिरवलं.

"करवहीतली नावं मीच छापून घेतली," ती म्हणाली. "वाटलं, तुमचं काम सोपं होईल. हे लोक जिवंत आहेत का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही."

"मला तो परत घ्यायचा फॉर्म द्या."

"देते. तुमचा हक्क आहे. पण आधी ऐकून घ्या. व्हिटफील्डनी बोलण्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत, तर ती चूक ठरू शकते. त्यांनी आधी सांगितलं, तर तो गुन्हा. आणि दुसरं, जमिनीवर राहणारा वारस सही करू शकतो. त्याला पूर्ण मालकी दाखवावी लागत नाही. फक्त स्वतःच्या नावानं करायची, आणि कर ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी नातं लिहायचं."

"आणि तो कागद कोण बघणार?"

रनीटानं नजर चुकवली नाही. "कोणीही. सरकारी कागद आहे. नक्कल मागितली तर द्यावी लागते."

"म्हणजे त्यांनाही."

"त्यांनाही. मॅग्नोलियाचा दुसरा टप्पा बांधायचाय, आणि त्यांना रिकामी जागा तुमच्याच बाजूला दिसते. अर्जावरची हरकत हे निमित्त आहे. मी तुमच्यापासून काही लपवत नाही."

"लपवलं असतं तर बरं झालं असतं," लुवेनिया म्हणाली आणि फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला.

पुढचे आठ दिवस तिला घास गेला नाही. शाळेतून व्हिटफील्ड पांढऱ्या मोटारीतून गेले होते; तशी मोटार दिसली की ती आत कोण आहे ते बघायची. रस्त्यावर पांढऱ्या मोटारी इतक्या आहेत हे तिला पहिल्यांदाच कळलं. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायची. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोक तिला मिठी मारत होते. "पुढच्या पावसाला आमच्याकडे पाहुणे बोलावणार मी," एक बाई म्हणाली, "न लाजता!" सुडी ब्रास्वेलनं केकचा डबा तिच्या हातात दिला आणि विचारलं, "का गं, तोंड का उतरलंय तुझं?" लुवेनियानं दाढ दुखते म्हणून सांगितलं. मावशी, तुझ्या एका सहीपायी मी तुरुंगात जाईन आणि माझ्या एका शब्दापायी तुझी जमीन जाईल, हे चर्चच्या पायरीवर कोणत्या तोंडानं सांगायचं?

फॉर्मवर सही करायची असं तिनं चारदा ठरवलं. चौथ्यांदा पेन टेकलंही होतं. तेवढ्यात मागच्या अंगणातून तो ओळखीचा वास आला, कारण आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ती खिडकी लावायला उठली आणि परत येऊन बसली, तेव्हा सही राहून गेली.

गुरुवारी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. डाव्या बाजूला मॅग्नोलियाचे लोक, उजवीकडे स्वीटगमचे. कोणी सांगितलं नसताना मधली वाट सोडून सगळे आपापल्या बाजूला बसले होते. थॅडियस आजवर सरकारी इमारतीत करापुरताच गेला होता. आज तो दुसऱ्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. "तुला एकटीला नाही जाऊ देणार," एवढंच तो घरी बोलला होता. व्हिटफील्ड वकिलांच्या पुढ्यात निळी फाइल होती. त्यांनी लुवेनियाकडे बघून मान किंचित लववली.

महापौर मिसेस हॉलोवेल यांनी सुनावणी सुरू करण्याआधी विचारलं, "अर्जदारांतर्फे काही सांगायचं आहे?"

फॉर्म तिच्या हातात होता. ती उठली. माइकपर्यंत दहा पावलं असतील. बोलायला तीन मिनिटं; समोर हिरवा दिवा लागला.

"मी लुवेनिया गॅस्किन्स," ती म्हणाली. माइकमधून आलेला स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. मग फॉर्म तिनं उभा फाडला नाही की चुरगळला नाही. फक्त पालथा करून टेबलावर ठेवला, कारण हात मोकळे हवे होते. "होझिया ब्रास्वेल १९६१ साली वारले," ती म्हणाली.

उजव्या बाजूला कोणीतरी श्वास आत ओढला.

तिनं सातही नावं घेतली. प्रत्येकाचं साल सांगितलं. ते तिला पाठ होतं, कारण दर मेमध्ये ती त्या दगडांवरचं गवत काढायची. "सह्या जिवंत माणसांनी केल्या. माझ्यासमोर केल्या. त्यांच्याच जमिनी, तेच राहतात, तेच कर भरतात. पण नावं मेलेल्यांची आहेत. मालकानं स्वतः सही केली असं मी शपथेवर सांगितलं. ते खरं नव्हतं."

"बस खाली, लुवेनिया!" सुडी ब्रास्वेलचा आवाज चिरला. "देवासाठी खाली बस!"

दिवा अजून हिरवाच होता. ती बसली.

व्हिटफील्ड वकील उठले. क्षणभर ते गोंधळलेले दिसले, मग हसले. "माझं अर्धं काम बाईंनीच केलं. एकोणिसातल्या सात गेल्या, उरल्या बारा. हव्यात अठरा. मला वाटतं, आपण सगळे जेवायला घरी जाऊ शकतो."

डावीकडे हशा पिकला. तेवढ्यात रनीटा ओकली उठली. नावं छापण्याची चूक आपल्या कार्यालयाची आहे, असं तिनं महापौरांना लेखी दिलं आणि वारसांचं कलम वाचून दाखवलं. नगरपालिकेच्या वकिलांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि मान डोलावली.

"ठीक आहे," महापौर म्हणाल्या. "ज्या वारसांना स्वतःच्या नावानं सही करायची आहे, त्यांनी कारकुनांच्या टेबलापाशी यावं. पंधरा मिनिटं देते."

व्हिटफील्डनी निळी फाइल बाजूला सारली, खिशातून छोटी वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. उजव्या बाजूच्या प्रत्येकाची नजर त्या पेनावर होती.

कोणीही उठलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला, एक मिनिट, दोन, चार. आपण सगळ्यांना उघड्यावर आणलं आणि आता कोणाच्या अंगावर पांघरूण नाही, असं लुवेनियाला वाटलं.

"मायला," क्लीटस बन मोठ्यानं म्हणाला. "पन्नास वर्षं आजोबांच्या मागे लपलो. म्हातारा उभा राहून दमला असेल." तो उठला. हसत होता, पण टेबलाशी पोचेपर्यंत त्यानं दोनदा घाम पुसला. त्याच्यामागून दोन बहिणी हातात हात घालून गेल्या. मग चर्चचा पेटीवादक. प्रत्येकाला कारकून नाव विचारायचा, नातं विचारायचा, आणि प्रत्येक उत्तराला व्हिटफील्डांचं पेन हलायचं.

सुडी ब्रास्वेल सगळ्यांच्या शेवटी उठली. लुवेनियाच्या खुर्चीशी ती थांबली. "तुझ्याशी मी नंतर बोलते," असं म्हणून ती पुढे गेली.

"सतरा," कारकून म्हणाला.

त्या सातांतल्या राहिलेल्या दोन घरांपैकी एकजण दवाखान्यात होता, एक मुलीकडे दूरगावी. आता सभागृहात गॅस्किन्सच उरले होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी वळून पाहिलं नाही, ते जास्त कठीण होतं. लुवेनिया बापाच्या शेजारी जाऊन बसली. तिनं विचारलं काहीच नाही.

"लिहून घेतोय तो," थॅडियस हलक्या आवाजात म्हणाला.

"हो."

"तुला भीती वाटते?"

"वाटते, बाबा. आठ दिवस अन्न गेलं नाही."

"मला शहात्तर वर्षं वाटते." तो काठीच्या मुठीकडे बघत राहिला. "सही केली तर जाईल?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नाही. वाढेल," ती म्हणाली.

थॅडियसनं मान हलवली, जणू हेच उत्तर त्याला हवं होतं. मग तो उठला. ती आधार द्यायला गेली तर त्यानं हात बाजूला केला. टेबलाशी पोचायला त्याला बराच वेळ लागला. महापौरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

"नाव?"

"थॅडियस गॅस्किन्स."

"कर कोणाच्या नावावर आहे?"

"आयझम गॅस्किन्स."

"नातं?"

"आजोबा." तो थांबला. पेन हातात घेऊनही थांबला. "वारले," तो म्हणाला.

हा शब्द गॅस्किन्सांपैकी कोणी सरकारी टेबलाशी आजवर उच्चारला नव्हता. त्यानं सही केली. अक्षरं वाकडी आली, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

"अठरा."

नगरसेवकांचं मतदान झालं: तीन विरुद्ध दोन. स्वीटगम शहरात आली. उजव्या बाजूला टाळ्या वाजल्या, पण त्या लवकर संपल्या, कारण नगरपालिकेचे वकील अजून उभे होते. श्रीमती गॅस्किन्स यांच्या आधीच्या शपथपत्राचा कागद जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे पाठवावा लागेल, ते म्हणाले. त्यांनी आपण होऊन, आणि हरकतदारांच्या आधी सांगितलं, असं आपण सोबत लिहू. पुढचं तिथे ठरेल.

लोक उठत होते. व्हिटफील्ड कारकुनाच्या टेबलाशी गेले.

"या नव्या पानाची एक नक्कल द्या."

कारकुनानं रनीटाकडे पाहिलं. रनीटानं क्षणभर डोळे मिटले आणि होकार दिला. यंत्राच्या झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकली, पान बाहेर आलं. वकिलांनी ते फाइलमध्ये घातलं, कारकुनाचे आभार मानले आणि दारात लुवेनियाला वाट दिली. "शुभ रात्री, मिस लुवेनिया."

बाहेर मोटारी लावायच्या जागेत अजून उजेड होता. स्वीटगमचं कोणी घरी गेलं नव्हतं. सगळे पांढऱ्या मोटारीचे दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत उभे होते. मग सुडी ब्रास्वेल काठी आपटत लुवेनियासमोर आली.

"तुझ्यावर मी रागावलेय," ती म्हणाली. "वर्षभर रागावणार आहे. पण ते राहू दे. तुमचं बाहेरगावी कोण कोण आहे?"

"मावशी..."

"तो आता ऑफिसात जाईल, त्या कागदावरून नावं काढेल आणि उद्यापासून फोन करेल. आपण आज करायचे. क्लीटस, तुझी ती अटलांटाची बहीण! भांडण आहे ना? मिटव. आत्ता. तिथे उभा राहून मिटव."

"अगं, तिनं माझ्या बायकोला..."

"मिटव म्हणते ना!"

एकेकानं फोन काढले. कोणी गाडीच्या टपाला टेकून, कोणी फुटपाथवर बसून, तिन्हीसांजेच्या उजेडात वर्षानुवर्षं न लावलेले नंबर लावायला लागले. थॅडियसनं एक नाव सांगितलं: ड्युवेन, धाकट्या भावाचा मुलगा, न्यूअर्कला असतो. त्याच्या आईच्या मयताला आपण गेलो नाही म्हणून तो बोलत नाही. नंबर चर्चच्या जुन्या यादीत निघाला.

फोन बराच वेळ वाजला.

"कोण?" पलीकडून जड आवाज आला.

"मी लुवेनिया. थॅडियसकाकाची."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. ड्युवेन, ऐक. तुझ्याकडे एखादा माणूस येईल, नाहीतर कागद येईल. जमिनीचा."

कुठेतरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"आलाय," तो म्हणाला. "परवाच आला. सही कुठं करायची तिथं पिवळी खूण करून दिलीय."

म्हणजे आजच्या नकलेची त्यांनी वाटही पाहिली नव्हती. लुवेनियानं बापाकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं नव्हतं, पण तिच्या तोंडावरून कळलं; त्यानं गाडीचं दार घट्ट धरलं.

"केलीस?"

"पेन शोधत होतो. तुला काय करायचंय? इतक्या वर्षांत एक फोन नाही..."

"नाही केला," ती म्हणाली. "आम्ही चुकलो. माझं चुकलं, काकाचं चुकलं. तू शिव्या दे, मी ऐकते. पण फोन ठेवू नको, ड्युवेन. तो कागद हातात घे आणि मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखव."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागद उलगडल्याची खसखस.